कॅन्सरचं निदान झाल्यावर माणसात खरंच काही चांगला बदल होतो का?

होतो, पण सगळ्यांत होत नाही, आणि निदान झाल्या झाल्या तर नाहीच. मी गोव्यातल्या फोंड्याची. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेतली, तेव्हा जो तो म्हणायचा, "सकारात्मक राहा." त्या शब्दाचा मला फार त्रास झाला. रडू आलं तर रडा. त्याने आजार वाढत नाही.

माझ्यातला बदल चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला कळला. केमोमुळे बोटं बधिर झाली होती, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतो त्या चौकटीला, आंबाडे बांधताना कुमयाच्या दोराची गाठ बसेना. वीस वर्षं हे काम मी कुणाला हात लावू दिलं नव्हतं. त्या दिवशी जाऊबाईंना म्हटलं, "तुम्ही बांधा, मी एकेक हातात देते." दोघी दुपारभर बोलत बसलो. इतकं आम्ही आधी कधीच बोललो नव्हतो. मदत मागायला मी तिथे शिकले, आणि नको त्या गोष्टीला 'नाही' म्हणायलाही.

मानसशास्त्रात याला आघातोत्तर वाढ म्हणतात. टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये ती मोजायला 21 प्रश्नांची मापनी केली. त्यात नाती, नव्या वाटा, स्वतःचं बळ, अध्यात्म आणि जगण्याची किंमत असे पाच भाग आहेत. ही वाढ भीतीच्या जागी येत नाही, दोन्ही बरोबर नांदतात. तपासणीच्या आदल्या रात्री मला अजून झोप लागत नाही.

तुमचं निदान ताजं असेल, तर बदल शोधत बसू नका. आधी औषधं, जेवण, झोप. मन फारच खचलं तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, समुपदेशनही उपचारच आहे.