आजीचा दम आणि गुरुरियोझा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं स्वरलेखन दोनदा वाचलं, मग क्लॅरिनेट काढून वाजवूनही पाहिलं. आजीच्या जात्यावरच्या ओवीवर बँडसाठी रचना करायचं तुझ्या मनात आलं, याचाच मला फार आनंद झाला. पण एका जागी अडलो. ओळ संपताना आजी दम घेते. त्या दमाला लागणारी मात्रा-दीड मात्रा तू कापून टाकलीस आणि ओवी चारच्या ठेक्यात बसवलीस. आता ती नीटनेटकी झाली आहे, पण आजी त्यात ऐकू येत नाही.

म्हणून तुला यासुहिदे इतो या जपानी संगीतकाराबद्दल सांगतो. त्यांचा जन्म 1960 सालचा, हामामात्सूचा. यामाहा आणि कावाई या वाद्यं बनवणाऱ्या कंपन्या ज्या शहरात उभ्या राहिल्या ते हे शहर. बँडसाठीची पहिली रचना त्यांनी शाळेत असतानाच केली, पुढे तोक्योत रीतसर शिक्षण घेतलं. 1986 च्या ‘फेस्टल सीन्स’मध्ये त्यांनी उत्तरेकडच्या आओमोरीची लोकगीतं घेतली. तीही ऐक, पण आधी त्यांची ‘ग्लोरिओसा’ ही रचना ऐक. सासेबोच्या नौदल बँडने ती त्यांच्याकडून लिहून घेतली आणि 1990 मध्ये पहिल्यांदा वाजवली. सासेबो नागासाकी प्रांतात आहे, आणि या रचनेचं मूळही त्याच प्रांतात आहे.

ते मूळ आपल्या शेजारून गेलेलं आहे. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमाला उतरले. त्यांच्यामागून आलेल्या पाद्र्यांनी लॅटिन प्रार्थना शिकवल्या. मग 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री हाकलले गेले, कित्येक मारले गेले. उरलेल्यांनी धर्म लपवला. नागासाकी प्रांतातल्या इकित्सुकी बेटावरच्या लोकांनी त्या प्रार्थना तोंडपाठ ठेवल्या, बापाने मुलाला दबक्या आवाजात शिकवल्या. बंदी 1873 मध्ये उठली. अडीचशे वर्षं ना पाद्री, ना चूक दाखवणारा कुणी. लॅटिन तर कुणालाच कळत नव्हतं. आपल्याकडे आरतीचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर झिजतात, तसेच हेही झिजले. ‘लाउदाते’चं ‘राओदाते’ झालं, ‘ग्लोरिओसा’चं ‘गुरुरियोझा’.

संगीताचे इतिहासकार तात्सुओ मिनागावा या प्रार्थनांच्या मागावर युरोपभर हिंडले. ‘गुरुरियोझा’ या प्रार्थनेची मूळ चाल त्यांना सापडली ती स्पेनमधल्या सोळाव्या शतकातल्या एका जुन्या पुस्तकात. ती तिकडच्याच एका भागापुरती चाल होती. तिकडे ती मागे पडली, आणि इकित्सुकीत मासेमारी करणाऱ्यांच्या घरांत गायली जात राहिली.

आता इतोंनी काय केलं ते पाहा. शुद्ध लॅटिन समोर असताना त्यांनी आपल्या रचनेचं जपानी नाव ‘गुरुरियोझा’च ठेवलं. तो अपभ्रंश त्यांनी दुरुस्त केला नाही. मला वाटतं, सगळी रचना या एका निर्णयावर उभी आहे. पहिल्या भागाची सुरुवात प्रार्थनेच्या घंटांनी होते. दुसऱ्या भागात सगळा बँड थांबतो आणि एकटी र्‍युतेकी वाजते. ही जपानी दरबारी संगीतातली बांबूची बासरी. त्यानंतर येते हौतात्म्याची आठवण जपणाऱ्या, ‘सान जुआन’ संतांच्या गाण्याची चाल. तिसरा भाग नागासाकीच्या एका लोकगीतावर आहे, आणि तिथे मात्र बँड पूर्ण ताकदीने सुटतो.

तो बासरीचा तुकडा कान देऊन ऐक. तिथे श्वास ऐकू येतो, सूर सरळ लागत नाही, किंचित चढून मग जागेवर येतो. एवढी पितळी वाद्यं हाताशी असताना त्यांना गप्प बसवायला धीर लागतो. मी बँडमध्ये होतो तेव्हा आम्हाला एका लोकगीताची मांडणी वाजवायला दिली होती. तिच्यात एकाही वाद्याला चार मात्रांची विश्रांती नव्हती. महिनाभर वाजवली, तरी ते गाणं कुठल्या गावचं हे आम्हाला कळलं नाही.

एक सांभाळ. जपानमधल्या बँड स्पर्धेत नेमलेली रचना आणि आवडीची रचना मिळून बारा मिनिटांत संपवावी लागतात, आणि ‘ग्लोरिओसा’ एकटीच वीस मिनिटांच्या आसपास जाते. म्हणून स्पर्धेतली ध्वनिमुद्रणं कापलेली असतात. तिन्ही भाग सलग असलेलंच शोध.

मग आजीकडे जा. तिला पुन्हा गायला सांग, आणि या वेळी जातं खरंच ओढू दे. त्याशिवाय दम कुठे पडतो ते कळायचं नाही. ती जिथे शब्द चुकवते तिथे हटकू नकोस, जसं येईल तसं लिहून घे. तुझ्या आठव्या मात्रागटात ट्रम्पेट थांबव, ट्यूबाही थांबव, एक क्लॅरिनेट ठेव. त्याच्या वादकाला दमाची खूण लिहून दे आणि काठी खाली आणू नकोस; त्याचा श्वास भरेपर्यंत बाकीच्यांना थांबू दे.

दिवाळीआधी नवं पान पाठव. क्लॅरिनेट मी बाहेरच ठेवलं आहे.

तुझा,
सर