चिकूला फिरायला नेताना

पोरी,

चिकू गेटपाशी पोट टेकून बसते आणि ओढलं तर फरशीवरून घासत येते, असं लिहिलंयस. तर ओढणं आजपासून बंद. असं बसलेलं कुत्र्याचं पिल्लू हट्टी नसतं, घाबरलेलं असतं. त्याला भीतीच्याच दिशेनं ओढलं, तर चार दिवसांनी ते पट्टा हातात बघूनच सोफ्याखाली शिरतं.

डॉक्टरांनी दात बघून वय साडेतीन महिने सांगितलं म्हणतेस. पिल्लांची जगाशी ओळख होते ती साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. चिकूचे ते दिवस पार्किंगमध्ये गाड्यांखाली लपण्यात गेले. तिला वेळ लागणारच, लागू दे. तिचा लसीचा शेवटचा डोस बाकी आहे, म्हणून सध्या तिला गल्लीत खाली सोडू नकोस. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा आजार; त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नकोस. कडेवर घे आणि गेटच्या आत उभी राहा. रिक्षा, भाजीवाल्याची आरोळी, शाळेच्या बसचा हॉर्न, सगळं तुझ्या खांद्यावरून बघू दे. डोस पूर्ण झाल्यावर खाली कधी सोडायचं ते डॉक्टरांना विचार.

आता भीती घालवायला द्यायच्या खाऊचं, म्हणजे चिकनचं. उकडलेलं, बिनमिठाचं, कांदा-लसणाशिवाय, नखाएवढे तुकडे. हे फक्त बाहेर मिळायचं, घरात नाही. यात क्रम फार महत्त्वाचा, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. आधी स्कूटरचा आवाज, मग तुकडा. उलटं केलंस, म्हणजे चिकन दाखवून तिला स्कूटरजवळ नेलंस, तर ती चिकनकडेच संशयानं बघायला लागते. आवाज आला, तिचे कान हलले, की लगेच तुकडा. आवाज गेला की चिकनही बंद. असं होत होत एक दिवस स्कूटर सुरू होते आणि ती तुझ्या हाताकडे बघते. तिथून पुढे गाडी रुळावर येते.

तुकडा नाकाशी धरूनही ती खात नसेल, तर आपण फार जवळ आलोय असं समज. मागे फिर. दहा पावलं मागे जाऊन खाल्लं, तर आजची हद्द तिथे. ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, शेपूट पोटाखाली, एक पंजा वर धरून थिजणं, ही त्याआधीची लक्षणं. खाणं थांबेपर्यंत वाट बघू नकोस.

सोसायटीतले काका सांगतील, “घाबरली की जवळ घेऊ नका, भित्री होईल.” ऐकून घे आणि सोडून दे. भीती ही काही बक्षिसासाठी केलेली करामत नाही, की जवळ घेतल्यानं वाढेल. ती तुझ्या पायात शिरली तर खाली बस, पाठीवर हात ठेव.

गळ्यातल्या पट्ट्यावर विसंबू नकोस. घाबरलेलं पिल्लू मागे सरकत डोकं काढून घेतं आणि सुटतं, तेही नेमकं रस्त्यावर. छातीचा पट्टा घे, आत दोन बोटं जातील इतपत घट्ट. दोरी साधी, दीड-दोन मीटरची; ती लांबत जाणारी चक्रीची नको. हातातून निसटली की तिचं प्लॅस्टिकचं हँडल खडखडत पिल्लाच्या मागे धावतं, आणि मग ते थांबत नाही.

लिफ्टचा धडा वेगळा घे. आधी दार उघडं धरून नुसतं आत-बाहेर, मग एकच मजला. तोवर जिन्यानं उचलून आण.

लोक वरून हात घालून डोकं थोपटायला येतील, मुलं तर येणारच. “आत्ता नको, शिकतेय ती,” असं हसून सांग आणि चालू लाग. तुला संकोच वाटतो हे माहीत आहे. पण तिच्या वतीनं बोलणारं दुसरं कोणी नाही. गल्लीतली कुत्री आली तर तिला झटकन उचलून पळू नकोस, कमानीसारखं वळून दुसऱ्या बाजूनं जा. ती वाईट नसतात, त्यांच्या हद्दीत कोण आलंय ते बघतात.

किती चाललो हे मोजू नकोस. खांबापाशी पाच मिनिटं हुंगत उभी राहिली, तर तेच तिचं फिरणं. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना ने. पावसात डबकी टाळ, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरणाऱ्या आजाराची भीती असते. घरी आल्यावर पंजे पुसताना बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघ.

आणि एक. तू नदीकाठी राहतेस, म्हणजे गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचा सराव पुलाखालीच सुरू होणार. त्या दिवसांत संध्याकाळची फेरी सराव सुरू होण्याआधी उरक. मिरवणुकीच्या दिवशी तर बाहेर नेऊच नकोस, गच्चीवर मोकळी करून आण. घरात खिडक्या लाव, पंखा मोठा ठेव, आणि तिनं पलंगाखालची जागा धरली तर तिथून ओढून काढू नकोस, पाण्याची वाटी तिथेच सरकव. तिच्या गळ्यात तुझ्या फोन नंबरची पाटी मात्र त्याआधीच घाल, ती आजच करून घे.

तुझी,
मावशी