चौघी मैत्रिणी, दहा दिवस आणि फ्लॉरेन्स

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजपासूनच्या चौघी मैत्रिणी, आता सगळ्या पन्नाशीच्या आसपास. येत्या एप्रिलमध्ये दहा दिवस इटलीला जायचं चाललंय. एकीने रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान असं सगळं बसवून प्लॅन ग्रुपवर टाकलाय, मला मात्र फ्लॉरेन्स नीट बघायचंय, फार वर्षांची इच्छा आहे. एकीचे गुडघे दुखतात, एक जैन आहे. टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण? आणि परत येईपर्यंत मैत्री शाबूत राहावी एवढंच मागणं आहे.
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सगळ्यात आधी व्हेनिस आणि मिलान काढून टाका. मैत्रिणीला वाईट वाटेल, पण तिला समजावून सांगा की दहा दिवसांत पाच शहरं म्हणजे दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचं, हॉटेल शोधायचं, आणि यातच सगळ्यांची चिडचिड होते. रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला पाच, पिसा फ्लॉरेन्सहून लोकल ट्रेनने साधारण तासाभरावर आहे त्यामुळे ते एका दिवसात जाऊन येऊन होतं. एवढं केलंत तर टूर कंपनीची गरजच नाही. रोमहून फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने दीड तास, तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. गाडी भाड्याने घेऊ नका, जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे लावलेत आणि दंडाची नोटीस नंतर कधीतरी घरी येते.

व्हिसाचं आत्ताच मनावर घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, चौघींचे अर्ज वेगवेगळे, बायोमेट्रिकला प्रत्येकीने स्वतः जायचं. फी ९० युरो, सेंटरचा चार्ज वेगळा, आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. मे महिन्याच्या सुट्ट्यांमुळे मार्चच्या सुमारास मुंबईत अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच उरकलेलं बरं.

तारखा ठरवताना ईस्टर कधी येतोय ते बघा, शिवाय २५ एप्रिलला त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, त्या दिवसांत गर्दी खूप. पण ईस्टरच्या रविवारी तिथे असाल तर ड्युओमो म्हणजे तिथल्या मुख्य चर्चसमोर बैलांनी ओढत आणलेला रथ आणि त्यावरची आतषबाजी चुकवू नका, शेकडो वर्षांची प्रथा आहे ती. सोमवारी उफित्झी आणि अकादेमिया दोन्ही म्युझियम बंद असतात, म्हणून पिसा सोमवारी ठेवा. दोन्हींची तिकिटं वेळेसकट आधीच ऑनलाइन काढा. अकादेमियात मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आहे, पाच मीटरहून उंच, १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला, फोटोत हजारदा बघितला असला तरी समोर उभं राहिल्यावर त्याचा एकेक हात, हातावरच्या शिरा बघत राहावंसं वाटतं. त्यानंतर त्याच दिवशी दुसरं म्युझियम ठेवू नका, डोळे थकतात, आणि मग उफित्झीतल्या बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या चित्रासमोरही माणूस नुसता पाय दुखतायत म्हणून उभा राहतो.

आता गुडघ्यांचं. ड्युओमोचा घुमट ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ मध्ये बांधला, खालून लाकडी आधाराचा पूर्ण सांगाडा न उभारता, विटा अशा तिरक्या गुंफून रचत की बांधताना घुमट स्वतःच स्वतःला तोलत गेला, आणि आजही विटांचा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. शेजारच्या मनोऱ्यालाही लिफ्ट नाही. तेव्हा ज्यांना झेपेल त्या दोघी चढतील, बाकीच्या दोघी समोर बसून निवांत कॉफी घेतील, यात कुणी कुणाला सोडून गेलं असं मनात आणायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा. संध्याकाळी चौघींनी मिळून पियात्झाले मायकेलँजेलो या उंचावरच्या चौकात जा, थेट बस जाते आणि अख्खं शहर, तो घुमटसुद्धा, वरून दिसतं. दगडी रस्ते आहेत म्हणून चपला नकोत, चांगले वापरलेले शूज न्या. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी बॅगेत असू दे.

जैन मैत्रिणीसाठी हॉटेलऐवजी किचन असलेला फ्लॅट घ्या, सान लोरेन्झोजवळच्या मोठ्या मंडईत भाजी-फळं छान मिळतात. बाहेर 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला' म्हणजे लसूण-कांद्याशिवाय, एवढं पाठ करायला लावा तिला. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं, हे तिला आधीच सांगून ठेवा, तिथे जाऊन कळलं तर बिचारीला फार लागेल. थेपले, खाखरे न्या, पण तूप-पनीर नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

पोंते वेक्कियो हा १३४५ चा पूल बघालच, त्यावर सोनारांची दुकानं आपल्या झवेरी बाजारासारखी दाटीवाटीने आहेत. पूर्वी तिथे खाटीक बसायचे, १५९३ मध्ये ड्यूकने त्यांना हलवून सोनार आणले.

पण एक जागा टूरवाले दाखवत नाहीत आणि तुम्ही मराठी माणसांनी तिथे गेलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. परक्या मुलुखात हिंदू रीतीने दहन करायची परवानगी मिळाली, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. ‘कशीने’ नावाच्या पार्कच्या अगदी टोकाला १८७४ मध्ये उभारलेली त्यांची छत्री आहे, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात. पार्क लांबलचक आहे म्हणून गुडघेवाल्या मैत्रिणीसाठी टॅक्सी करा. अर्धा दिवस द्या याला.

राहिले पैसे. चौघींनी सारखी रक्कम एका कार्डात टाका, एकीनेच ते सांभाळायचं, जेवण-टॅक्सी-फ्लॅट त्यातून, खरेदी आपापली. तिथे हॉटेलात किंवा फ्लॅटवर माणशी दर रात्रीचा सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागतो, तोही त्यातच धरा. आणि रोज दुपारनंतरचे दोन-तीन तास कुणी कुणाला 'कुठे आहेस' विचारायचं नाही, ज्याला जे हवं ते करावं, रात्री जेवायला एकत्र. हा नियम आजच ग्रुपवर टाका आणि चौघींचं 'हो' घेऊन मगच विमानाची तिकिटं बघा.