प्रश्न तुमचे: पारदर्शक अलाइनर आणि वेडेवाकडे दात

प्रश्न: माझे वय ३८ आहे. चौदाव्या वर्षी तारा लावून दात सरळ करून घेतले होते, पण आता खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढू लागले आहेत. या वयात अलाइनरने, म्हणजे दातांवर चढवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणाने, दात हलतील का?

उत्तर: हलतील, कारण दात हलण्याला वयाची वरची मर्यादा नाही, मर्यादा असते ती हिरड्या आणि हाड यांच्या आरोग्याची. दाताचे मूळ हाडात थेट रुतलेले नसते, दोहोंच्या मध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. अलाइनर तुमच्या दातांच्या आजच्या जागेपेक्षा किंचित पुढच्या जागेवर बेतलेला असतो, त्यामुळे तो बसवला की दातावर हलका दाब येतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड झिजते आणि ज्या बाजूला ताण बसतो तिथे नवे हाड तयार होते. एका अलाइनरमागे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवण्याचे योजलेले असते आणि तो सात ते चौदा दिवसांनी बदलला जातो. हा वेग हाडाच्या गतीने ठरतो, म्हणून पुढचा अलाइनर लवकर चढवून उपचार लवकर संपत नाहीत.

सुरुवातीला हिरड्यांची तपासणी आणि एक्स-रे अवश्य करून घ्या. हिरड्यांचा आजार सुरू असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो, नाहीतर सैल होत चाललेला दात आपणच आणखी सैल करून ठेवू. तोंडात इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ते हाडाला थेट जुळलेले असते, मधला तंतूंचा थर त्याला नसतो, त्यामुळे ते हलत नाही आणि बाकीच्या दातांचे नियोजन त्याला धरून करावे लागते.

दाटीत बसलेल्या दातांना जागा कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. अनेकदा दोन दातांच्या मधले एनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कठीण थर, अगदी थोडे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, घासून ती मिळवली जाते. हे ऐकून बरेच जण दचकतात. एनॅमल पुन्हा वाढत नाही हे खरे, पण मर्यादेत आणि नीट केलेल्या घासणीने दात किडके होत नाहीत. मला त्यापेक्षा अधिक आवश्यक वाटते ते दुसरेच सांगणे: प्रौढांमध्ये दाटी सुटली की हिरडीजवळ दोन दातांमध्ये काळा त्रिकोणी फटीसारखा भाग दिसू शकतो, आणि त्याची कल्पना रुग्णाला आधीच द्यायला हवी.

दात पुन्हा का सरकले, असा प्रश्न तुमच्या मनात असणारच. रिटेनर, म्हणजे उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारे साधन, घालणे बंद झाले हे त्याचे नेहमीचे कारण; शिवाय ज्यांनी कधीच उपचार घेतले नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटतात. म्हणून या वेळी रात्रीचा रिटेनर हा काही महिन्यांपुरता नव्हे, तर कायमचा समजूनच उपचार सुरू करा.

प्रश्न: दिवसातून २०-२२ तास अलाइनर घालायला सांगितले आहे. कामात दिवसभर बोलावे लागते, म्हणून मी रात्रीचे धरून बारा-तेरा तास घालतो. तेवढे पुरेसे नाही का?

उत्तर: नाही. अलाइनर काढला की दाब थांबतो आणि सरकू लागलेला दात मागे फिरतो. मग एक पाऊल पुढे, एक मागे असा खेळ चालतो. याचा पुरावा आरशात दिसतो: अलाइनर आणि दाताची कड यांच्यामध्ये पोकळी राहू लागली की दात मागे पडला आहे असे समजावे. अशा वेळी पुढच्या अलाइनरवर उडी न मारता आहे तोच घालत राहा, तो पूर्ण बसावा म्हणून मिळणारे रबरी तुकडे चावा आणि डॉक्टरांना कळवा. बोलताना ‘स’ आणि ‘श’ अडखळणे हे पहिल्या काही दिवसांपुरते असते. उलट जितके अधिक बोलाल तितकी जीभ लवकर सरावते. रोजचे जे दोन-चार तास मोकळे मिळतात ते जेवण आणि दात घासणे यांसाठी असतात, त्यामुळे दिवसभर थोडे थोडे खाण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत जड जाते, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करून तारा निवडणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न: माझा वरचा एक सुळा उंचावर आहे आणि बराच फिरलेलाही आहे. एका डॉक्टरांनी तारा सुचवल्या, दुसऱ्यांनी अलाइनर. कोणाचे ऐकावे?

उत्तर: दोघेही चुकीचे नसतील, पण तुमच्या वर्णनावरून माझा कल तारांकडे आहे. सुळा गोलसर असतो. त्याला गरकन फिरवायला किंवा खाली ओढायला प्लास्टिकला पकड मिळत नाही. म्हणून दातावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, ज्यांना अटॅचमेंट म्हणतात. तरीही या दोन हालचाली अलाइनरसाठी कठीणच राहतात. काही महिने तारा आणि उरलेले काम अलाइनरने, हा मध्यम मार्गही आहे.

संगणकावर दाखवलेली शेवटची रांग पाहून निर्णय घेऊ नका. १९४५ मध्ये हेरॉल्ड केसलिंग या अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने) रुग्णाच्या दातांच्या साच्यातले दात सुटे करून मेणात सरळ बसवले आणि त्यावरून लवचीक साचा घडवण्याची पद्धत मांडली होती. आजचा संगणक तेच काम पडद्यावर करतो. साच्यातला दात सांगू तिथे बसतो, तोंडातला बसेलच असे नाही. म्हणून पहिला संच संपल्यावर पुन्हा माप घेऊन जादा अलाइनर करणे हा उपचाराचा नेहमीचा भाग असतो, आणि ते ठरलेल्या खर्चात धरलेले आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न: घरीच माप घेऊन पाठवले की अलाइनर घरपोच मिळतात, असे ऐकले. डॉक्टरांकडे फेऱ्या वाचतील ना?

उत्तर: फेऱ्या वाचतील, पण तपासणीही वाचेल, आणि तिथेच धोका आहे. घरी घेतलेल्या मापात दातांचा वरचा भाग उमटतो. मुळांची लांबी, हाडाची झीज, आत अडकलेला दात यांतले काहीच दिसत नाही. अशी सेवा देणारी अमेरिकेतली एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांना विचारायला कोणी उरले नव्हते.

प्रश्न: अलाइनर गरम पाण्याने धुतले तर चालतील का?

उत्तर: चालणार नाही, उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो. साधे पाणी आणि मऊ ब्रश वापरा. अलाइनर घातलेले असताना साध्या पाण्याखेरीज काही पिऊ नका, कारण गोड पेय आत अडकून दातांशी चिकटून राहते. जेवताना ते कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका, डबीतच ठेवा. हरवलेल्या अलाइनरपैकी कितीतरी उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातात.