शिकले नाही, मग पैसे कसे मागू?

"कुठं शिकलात?" असं कुणी विचारलं की पोटात गोळा येतो, असं सांगणारी माणसं माझ्याकडं सल्ल्यासाठी नेहमी येतात. कुणी ब्लाऊज शिवतं, कुणी केक करतं, कुणी लग्नाचे फोटो काढतं. सगळ्यांना एकच धास्ती, आपण बघून बघून शिकलो, एक दिवस पकडले जाणार. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

बेळगावच्या टिळकवाडीत राहणारी, माहेर खानापूर तालुक्यातलं, बी.कॉम. झालेली. लग्नात, वास्तुशांतीला भेट द्यायचे नकाशे ती जलरंगात काढून देते. दोघांची घरं, कपिलेश्वर मंदिर, दुसरं रेल्वे गेट, लांबवर राजहंसगड, दोघांनी पहिल्यांदा कुंदा खाल्ला ते दुकान, सगळं एका कागदावर. ऑर्डरी भरपूर होत्या, झोप मात्र उडाली होती. "मी कुठं शिकलोय मॅडम? यूट्यूब बघून करतोय." (आमच्या बेळगावकडं बायकाही असंच बोलतात.)

ॲडव्हान्स मागायची नाही. एकच नकाशा तीन-तीनदा रंगवायची. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद काही स्वस्त नसतो. एवढं करून हातात 800 रुपये.

घरचे म्हणत होते, एखादा डिप्लोमा करून टाक. शिकायला माझी ना नाही, पण या भीतीवर ते औषध नव्हे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली या भावनेवर लिहिलं, ते शिकल्यासवरल्या, नाव कमावलेल्या बायकांना बघून. पदव्या होत्या, तरी त्यांना वाटायचं की आपण लोकांना फसवतोय.

दुसऱ्या भेटीला मी तिला बिघडलेला नकाशा आणायला सांगितला. जुलैतला होता. पावसाळ्यात आमच्याकडं कागद लवकर वाळत नाही. तो अर्धवट ओला असताना वरून पाणीदार रंग पडला की खालचा रंग कडेला ढकलला जातो आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. मलप्रभेच्या काठच्या भातशेतात तसा एक उमटला होता. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद, त्यामुळं असा डाग झाकता येत नाही. "हे बघून गिऱ्हाईक काय म्हणेल?" मी विचारलं. ती बराच वेळ डागावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "डागाचं काय नाही हो. त्यांच्या घराचं दार भलत्याच बाजूला काढलं असलं तर?"

म्हणजे भीती दोन होत्या आणि ती दोन्ही एकाच कागदावर रंगवत होती. नकाशा चुकेल ही एक, चित्र चांगलं नसेल ही दुसरी. पहिलीवर मी भावनांचं काहीच बोलले नाही. आधी साध्या कागदावर पेन्सिलीनं आराखडा काढायचा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा, गिऱ्हाइकानं होकार दिला की निम्मे पैसे घ्यायचे, मगच ब्रश भिजवायचा. शिवाय वहीत तास लिहायचे. एका नकाशाला 19 तास भरले, तेव्हा ती आकड्याकडं बघतच राहिली. दर तिनं स्वतः ठरवला. मी मुद्दाम आकडा सुचवला नाही.

दुसरी भीती गेलेली नाही. पहिला रंग टाकताना अजून हात गार पडतो. मी म्हटलं, गार हातानंच सुरू कर. आणि रंगवलेला नकाशा कुणाला तरी दाखवल्याशिवाय दुसरा कागद काढायचा नाही. हा नियम तिनं दोनदा मोडला, तेही येऊन सांगितलं.

मागच्या भेटीत तिनं मला फोनवरचा एक आवाज ऐकवला. बैलहोंगलच्या एका घरची आजी कन्नडमध्ये तावातावानं सांगत होती, तुळशीकट्टा मागं कुठला, पुढच्या अंगणात आहे!

"मग?" मी विचारलं.

"खोडरबरनं खोडलं आणि पुढं काढलं. दोन मिनिटं लागली."