एकसामयिक समीकरणं सोडवताना निश्चयक (चलांच्या सहगुणकांवरून काढलेली संख्या, determinant) शून्य आला म्हणजे ‘उकल नाही’ असंच लिहायचं का?

नाही, तेवढ्यावर थांबू नका. निश्चयक शून्य म्हणजे फक्त एवढंच, की एकमेव उकल नाही. उकल मुळीच नाही की अनंत आहेत, हे उजव्या बाजूचे आकडे ठरवतात.

ठाणे स्टेशनबाहेर २ वडापाव आणि ३ चहाचे ७० रुपये झाले. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे ४ वडापाव, ६ चहा, बिल १४०. ही तीच माहिती दुप्पट केलेली, म्हणून निश्चयक २×६ – ३×४ = ०. वडापाव २० आणि चहा १०, किंवा १७ आणि १२, दोन्ही बसतं. समीकरणं म्हणून उकली अनंत. तेच बिल १५० झालं असतं, तर दोन्ही बिलं एकाच दराने लावलेली असूच शकत नाहीत: उकल नाही. दुसरं बिल १ वडापाव, १ चहा मिळून ३० असं असतं, तर निश्चयक –१, आणि एकच उत्तर, २० व १०.

सीईटीवाल्यांनी मात्र सांभाळा. तीन चलांत चारही निश्चयक (एक सहगुणकांचा, आणि एकेका चलाच्या स्तंभाजागी उजवी बाजू घालून मिळणारे तीन) शून्य आले तरी उकली अनंत असतीलच असं नाही. क्ष + य + झ = १, मग = २, मग = ३ घेऊन बघा: सगळे निश्चयक शून्य, उकल एकही नाही. तिथे क्रेमरची पद्धत (निश्चयकांच्या भागाकाराने उकल काढायची) सोडून समीकरणांच्या ओळी एकमेकींतून वजा करत जा; ० = १ सारखी ओळ निघाली की उकल नाही.