फाइलच्या पहिल्या पानावरची तारीख

प्रिय,

अमेरिकेतल्या कॅथलिक चॅरिटीजमध्ये निर्वासित कुटुंबांसाठी केस मॅनेजर म्हणून काम करायचं तू ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. काळ मात्र अवघड आहे. १९८० च्या निर्वासित कायद्याने उभी राहिलेली व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ थांबली. एप्रिलमध्ये तिथल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने सरकारबरोबरचे पुनर्वसनाचे करार पुढे न चालवण्याचं जाहीर केलं. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी प्रवेशाची कमाल मर्यादा ७,५०० वर आली. त्यामुळे तुझ्यासमोर बसतील ती बहुतेक कुटुंबं आधीच आलेली असतील: अफगाण, काँगोली, रोहिंग्या, सीरियन. त्यांच्या फायली उघडल्यास की एक गोष्ट ध्यानात येईल. आज जे अडलंय, त्याचं मूळ बऱ्याचदा पहिल्या नव्वद दिवसांतल्या एखाद्या कागदात असतं. म्हणून तिथूनच सांगतो.

विमानतळावर उतरणाऱ्या माणसाच्या हातात आयओएमची, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची, पांढरी पिशवी असते. प्रवासाचे कागद, वैद्यकीय तपासणीचे कागद, सगळं त्यात. ती पिशवी कुटुंबाच्या हातातच राहू दे. त्यांच्यासमोर उघड, प्रत्येक कागदाची प्रत काढ, मूळ कागद लगेच परत दे. मग आय-९४ वरचं, म्हणजे देशात प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरचं, नाव, जन्मतारीख आणि प्रवेशाचा दर्जा अक्षर न् अक्षर ताडून बघ. हे काम सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे नोकरी आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी नंबराच्या, अर्जाआधीच व्हायला हवं. आय-९४ वरची चूक सीमाशुल्क खात्याच्या कार्यालयात दुरुस्त करून मिळते. पण ती सोशल सिक्युरिटी कार्डावर, तिथून ड्रायव्हिंग लायसन्सवर आणि मग बँकेत उतरली, की चार ठिकाणी खेटे घालावे लागतात, आणि तेही रोजंदारी बुडवून. एकच नाव असलेल्या माणसाच्या कागदावर ‘एफएनयू’ येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. दवाखान्यात त्याला त्याच अक्षरांनी हाक मारतात. निदान तू त्याला त्याच्या नावाने हाक मार. जन्मतारीख माहीत नसलेल्यांना १ जानेवारी मिळते. एका घरात चौघांचा वाढदिवस त्याच दिवशी असेल तर ती टायपिंगची चूक समजू नकोस.

आता पैशांचं गणित. २०२२ च्या सुमारास सरकार स्वागत आणि निवासासाठी माणशी २,२७५ डॉलर देत असे. त्यातले १,०५० संस्थेच्या खर्चाचे, १,२२५ कुटुंबासाठी. पाच माणसांचे झाले ६,१२५. समज, घरभाडं १,५०० आणि तेवढंच डिपॉझिट, की निम्मी रक्कम चावी हातात यायच्या आधीच संपली. उरलेल्यात पलंग, गाद्या, भांडी, हिवाळी कोट, बसचे पास. जोडपी आणि लहान मुलं सोडली तर प्रत्येकाला वेगळा पलंग लागतो, आणि पोचल्या दिवशी त्यांच्या चवीचं गरम जेवण तयार असावं लागतं. फर्निचर देणगीतून मिळवलंस तर एक महिन्याचं भाडं वाचतं. पण देणगीत आलेल्या गाद्या शिवणींपाशी उलटून बघितल्याशिवाय घरात नेऊ नकोस. ढेकूण एकदा शिरले की सगळं सामान टाकून द्यावं लागतं.

घरमालक क्रेडिटचा, म्हणजे आधीची कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याचा, इतिहास मागतो, तो यांच्याकडे असूच शकत नाही. अशा वेळी संस्थेचं पत्र, भाडं कुठून येणार याचा महिनावार तक्ता आणि तुझा फोन नंबर घेऊन स्वतः भेट. लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही होण्याआधी घर बघ: खिडक्या, हीटर, धुराचा अलार्म. १९७८ पूर्वीची इमारत असेल तर रंगात शिसं असू शकतं, आणि रांगती मुलं खिडकीच्या कडेवरचे पोपडे तोंडात घालतात. सहा महिने ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाची आल्यानंतर नव्वद दिवसांच्या आत रक्तातल्या शिशाची तपासणी करायची असते. सहा वर्षांपर्यंतच्यांची तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. पहिली होते, दुसरी राहते. घर दाखवताना शेगडी, कुलूप आणि ९११ हा आणीबाणीचा फोन नंबर यांच्याबरोबर अलार्मसुद्धा वाजवून दाखव. फोडणीच्या धुराने तो वाजायला लागला की लोक बॅटरी काढून ठेवतात.

नोकरी लवकर लागणं पूर्वीपेक्षा निकडीचं झालंय. निर्वासितांची रोख मदत १२ महिन्यांची होती, मे २०२५ पासून नव्याने पात्र होणाऱ्यांसाठी ती चार महिन्यांवर आली. जुलै २०२५ च्या कायद्याने निर्वासितांची अन्नमदतही काढून घेतली. निर्वासिताला पहिल्या दिवसापासून काम करायचा हक्क आहे, पण मालकाला आय-९४ तात्पुरता, नव्वद दिवसच चालतो. तेवढ्यात कामाचं परवानापत्र, नाहीतर ओळखपत्र आणि कोणतीही अट न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवावं लागतं. तारीख उलटली की चांगला कामगार घरी बसतो आणि मालक म्हणतो, तुमची माणसं नकोत. याच काळात विमानभाड्याच्या कर्जाचे हप्तेही सुरू होतात, आल्यापासून साधारण सहा महिन्यांनी. कर्ज बिनव्याजी आहे, पण हप्ते चुकले की नवं क्रेडिट बिघडतं. झेपत नसेल तर हप्ता कमी करून मागता येतो, आणि मागायचा तो थकण्याआधी.

भाषेबाबत तुला एक मोह होईल. पाकिस्तानात राहिलेल्या कितीतरी अफगाणांना उर्दू येते, भूतानहून आलेल्या नेपाळी भाषकांना हिंदी कळते, आणि तुझ्या हिंदीवर गप्पा सहज जमतील. गप्पा जरूर मार, त्याने घरात जीव येतो. पण दवाखाना, कोर्ट, शाळेतला वाद, लीज यांसाठी प्रशिक्षित दुभाषीच हवा. रोहिंग्या माणसासाठी बर्मी दुभाषी मागवू नकोस. ती भाषा त्याला येत नसेल, आणि येत असली तरी म्यानमारच्या ज्या सैन्यापासून तो पळाला त्याची ती भाषा आहे. कुर्दिश लिहिलंय तिथे कुर्मांजी की सोरानी, यांतली कोणती बोली, ते विचार. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने दुभाषी द्यायचा असतो, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली; नम्रपणे पण हटून माग. दहा वर्षांच्या मुलीला तिच्या आईच्या गर्भपाताबद्दल डॉक्टरांशी बोलायला लावणं हा अन्याय आहे. घाईच्या दिवशीसुद्धा तो होऊ देऊ नकोस.

वर्ष पूर्ण झालं की ग्रीन कार्डचा अर्ज करायचा असतो, निर्वासितांना त्याची फी नाही. मागे राहिलेला नवरा, बायको किंवा २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांच्यासाठी आय-७३०, म्हणजे त्यांना बोलावून घेण्याचा अर्ज, भरायची मुदत आल्यापासून दोन वर्षं. घर बदललं की दहा दिवसांत पत्ता कळवायचा. पोस्टात कळवलेला पत्ता इमिग्रेशन खात्याला पोचत नाही. हे अर्ज तू भरू नकोस. कोणता फॉर्म लागतो हे सांगणंही कायद्याचा सल्ला ठरतो, तो वकिलानेच किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचा. तुझं काम म्हणजे माणूस वेळेत त्यांच्यापर्यंत पोचवणं. आणि लायसन्सच्या कार्यालयात पाठवण्याआधी हे समजावून सांग: खिडकीवर मतदार नोंदणीचं विचारतील, त्याला ‘नाही’ म्हणायचं. न समजता ‘हो’ म्हटल्याने नागरिकत्व अडू शकतं, देशाबाहेर काढण्याची वेळही येऊ शकते.

संस्था कॅथलिक आहे म्हणून कुणाला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बोलावू नकोस. मदतीला प्रार्थनेची अट नाही, आडूनसुद्धा नाही. परक्याला घरात घेण्याबद्दल मत्तयच्या शुभवर्तमानात जे आहे, त्यात परक्याचा धर्म विचारलेला नाही. अफगाण घरात हलाल कोंबडी कुठे मिळते आणि जुम्म्याच्या नमाजाला कोणती बस जाते, हे तुला माहीत असणं हीच तिथली सेवा.

त्यांच्यावर काय गुदरलं ते तू खोदून विचारू नकोस. सांगितलं तर ऐक, आणि नोंदीत कामापुरतंच लिही: ‘झोप येत नाही म्हणाली, समुपदेशनासाठी नाव दिलं, तारीख अमुक’. ‘निराश वाटली’ हे तुझं मत झालं. ती फाइल उद्या दुसरं कुणी वाचणार आहे. नोंद त्याच दिवशी लिही. खिशातून उसने पैसे देऊ नकोस, संस्थेचा आकस्मिक निधी काढायला शिक. फोन रात्री बंद ठेव, पण त्याआधी रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या फ्रिजवर त्यांच्या भाषेत चिकटव.

सोमवारी रुजू झाल्यावर सगळ्या फायली एकत्र घे. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर आगमनाची तारीख असेल. तिच्यापुढे नव्वद दिवस, एक वर्ष आणि दोन वर्षं या तारखा लाल पेनने मांड. ज्यांची दोन वर्षं पुढच्या तीन महिन्यांत भरताहेत, त्यांना त्याच दुपारी फोन लाव आणि विचार, तिकडे मागे कुणी राहिलंय का.